डिक्कीवरचं ठिगळ

ही गोष्ट मी आजवर कुणापुढं काढलेली नाही. सुजातापुढं नाही — सुजाता माझी बायको, आणि एरवी तिच्यापासून माझं काही फार वेळ लपत नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवी होती त्यांच्यापुढं तर नाहीच नाही. चार वर्षं झाली. आणि आता तुम्हाला सांगायला बसलो तर पहिला संताप येतोय तो कशाचा? गाडीच्या रंगाचा. कबूल करायचंय काय आणि माणूस सुरुवात करतोय कुठून! पण माझा नाइलाज आहे, रंग सोडून ही गोष्ट मला सांगताच येत नाही.

मी दातांचा डॉक्टर आहे. हिंगोलीत दुकानांच्या एका रांगेत माझा छोटा दवाखाना आहे. डावीकडं झेरॉक्सवाला, उजवीकडं गंगाधररावांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. समोर माझी गाडी उभी असते, गडद निळी, जुनीच घेतलेली. तिच्या मागच्या दारावर, म्हणजे डिक्कीवर, काचेच्या खाली, साधारण वीतभर उंच आणि तीन वीत रुंद अशी एक जागा आहे. ती जागा मी चार वर्षं दुरुस्त करत होतो. घरी, अंगणात, स्वतःच्या हातानं, रविवारी.

तुम्ही कधी घरी गाडीचा रंग दुरुस्त केलाय? करू नका. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक हसरा माणूस आधी घासतो, मग फवारतो, मग मऊ फडक्यानं पुसतो आणि दहा मिनिटांत ओरखडा गायब. त्या माणसाच्या गावात धूळ नसते. वारा नसतो. शेजारच्या वावरात सोयाबीनचं मळणीयंत्र धडधडत नसतं. आणि डबा हलवून मी पहिला फवारा मारला रे मारला की जी चिलटं माझ्याकडं आमंत्रण असल्यासारखी येतात, ती त्याच्याकडं कधी येत नाहीत.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. खाली पत्रा, त्यावर प्राइमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक लेप. गॅरेजवाले त्याला नुसतं क्लिअर म्हणतात. चमक सगळी त्याची. तो गेला की रंग उघडा पडतो आणि आमच्याकडच्या उन्हात दोन वर्षांत खडूसारखा होतो. हे मला कळलं तेव्हा मी मनाशी हसलो होतो. हे तर दाताचं इनॅमल झालं! दिवसभर मी दुसरं काय करतो? तुटलेल्या दाताला असा जोड लावतो की माणसाच्या बायकोलासुद्धा कळत नाही. मला पत्र्याचा तुकडा जमणार नाही?

नाही जमला. दाराच्या आतल्या पट्टीवर रंगाचा नंबर असतो, त्या नंबराचा डबा आणला, मारला — तर नव्या गाडीचा निळा आला, आणि माझी गाडी तर आठ उन्हाळे खाल्लेली. चारचौघांत नवा सदरा घालून उभं राहावं तसा तो तुकडा दिसायला लागला. मग तो घासायला मी काय आणलं असेल? दवाखान्यातलं सामान. दात चकचकीत करायची पूड असते आमची, आणि रबराची वाटी लावलेलं फिरतं यंत्र. दातावर ते चालवताना मी पाण्याची धार कधी विसरत नाही. पत्र्यावर विसरलो. अर्ध्या मिनिटात क्लिअर जळालं, रंग जळाला, खालचं राखाडी प्राइमर वर आलं. पुढच्या वेळी क्लिअर लवकर वाळेना म्हणून, ज्या निळ्या दिव्यानं आम्ही दातातलं सिमेंट पक्कं करतो तो दिवा घेऊन, डोळ्यांवर नारिंगी चष्मा लावून, मी भर दुपारी डिक्कीपुढं उकिडवा बसलो होतो. त्या क्लिअरचा आणि त्या दिव्याचा काडीइतका संबंध नाही. तरी वीस मिनिटं बसलो. सुजातानं खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

मग ओघळ आले. मग संत्र्याच्या सालीसारखा दाणा आला. मग एकदा सगळं बरं जमलं होतं तर चिकटपट्टी काढताना कडेचा चांगला रंग पट्टीबरोबर निघून आला. दहा वेळा तरी झालं असेल. झेरॉक्सवाला म्हणायचा, "डॉक्टर, गॅरेजला टाका की. एका दिवसाचं काम हाय." मी म्हणायचो, मला आवड आहे. आवड! त्या थिनरच्या वासानं माझं डोकं दोन दिवस दुखायचं. पाण्याच्या कागदानं, म्हणजे ओला करून घासायच्या पॉलिशपेपरनं, बोटांची सालटं निघायची, आणि दातांच्या डॉक्टरला बोटं तेवढीच असतात.

मग गॅरेजला का नाही टाकली? सांगतो. पण त्याआधी तिथं काय होतं ते सांगायला हवं — आणि नेमकं तेच चार वर्षं मी प्रत्येकाला वेगळं सांगत आलोय. झेरॉक्सवाल्याला सांगितलं, बैलानं शिंग घासलं. सुजाताला सांगितलं, उन्हानं क्लिअर निघालं.

तिथं अक्षरं होती. माझ्या वडिलांनी हातानं लिहिलेली.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते पाटकरी होते, म्हणजे कुठल्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं ते बघणारे. पाण्याच्या पाळीवरून लोकांच्या तोंडी लागायची ती नोकरी, आणि त्यातून आम्ही बौद्ध. काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल त्याची तुम्हीच कल्पना करा. पण आबांनी आवाज खाली केल्याचं मला आठवत नाही. एकदा एका बड्या बागायतदाराची माणसं पाळी मोडून पाण्याचं दार उघडायला आली. आबांनी भांडण केलं नाही. ते दार उचलायच्या चाकावर जाऊन बसले आणि दुपार टळेपर्यंत तिथून हलले नाहीत. मी तेव्हा चौथीत होतो, त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. चाकावर बसूनच त्यांनी भाकरी खाल्ली.

कालव्याच्या कडेनं अंतराचे दगड असतात आणि दारांवर नंबर असतात. ते रंगवायला खात्याचा पेंटर वर्ष-वर्ष यायचा नाही, म्हणून आबा स्वतःच लिहायचे. त्यातून त्यांचा हात बसला. मी ही गाडी घेऊन सिद्धेश्वरला गेलो, तेव्हा घरात खीर झाली, शेजारीपाजारी येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पांढऱ्या ऑइलपेंटची डबी आणि आपला जुना ब्रश घेऊन डिक्कीपुढं पाटावर बसले. जय भीम. एवढेच दोन शब्द. अख्खी सकाळ लागली त्यांना. मी म्हणालो, आधी पट्टीनं रेघ मारून घ्या. तर म्हणाले, "इतके दगड लिव्हले, पट्टी लावली न्हाई कधी. आपला डोळाच सूत हाय." आणि अक्षरं खरंच सुतात आली. झाल्यावर चार पावलं मागं जाऊन, कंबरेवर हात ठेवून ते बघत राहिले. पोरगं डॉक्टर झालं तेव्हासुद्धा मी त्यांना असं बघताना पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी औंढ्याला एका मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली नोकरी करत होतो. गाडी दोन उन्हाळे त्यांच्या दवाखान्यासमोर उघड्यावर उभी राहिली. हे दोन उन्हाळे लक्षात ठेवा, पुढं लागतील.

मग मी हिंगोलीत स्वतःचा दवाखाना काढला. पहिले दोन महिने खुर्ची रिकामी. नव्या दवाखान्याचं असंच असतं, हे मला कळत होतं. तरी माणूस रिकाम्या खुर्चीशेजारी बसला की त्याचं डोकं नको तिकडं जातं. एके दिवशी काचेतून बघतोय तर मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. गालावर हात. पाटी वाचली. गाडी लावायला मागं वळले, माझ्या गाडीच्या मागं थांबले, डिक्कीकडं बघितलं — आणि गेले.

का गेले? मला काय माहीत! फोन आला असेल. दाढ थांबली असेल. माझ्या पाटीवरच्या पदव्या बघून घाबरले असतील. त्यांनी डिक्कीकडं बघितलं की डिक्कीवर बसलेल्या कावळ्याकडं, तेसुद्धा मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी ठरवून टाकलं. एका अनोळखी माणसाच्या पाठीकडं बघून मी सगळा हिशोब मांडला, कोण येईल, कोण येणार नाही, आणि कशामुळं.

आणि हेही सांगतो, त्या रांगेत मला कुणी एका शब्दानं काही बोललं नव्हतं. गंगाधररावांनी तर पहिल्याच आठवड्यात आपल्या बायकोची दाढ माझ्याकडून काढून घेतली होती आणि वर चार गिऱ्हाइकांना माझं नाव सांगितलं होतं. बोलणारी, टोचणारी माणसं जगात आहेत, आमच्या घरात त्याच्या कहाण्या कमी नाहीत. पण ती माझ्या वाट्याला त्या वेळी आली नव्हती. मी त्यांची वाट न बघता त्यांचं काम आपल्या हातानं करून टाकलं.

सुजाता त्या रविवारी लेकरांना घेऊन माहेरी, पुसेगावला गेली होती. मी दवाखान्यातला कापूस घेतला, थिनर घेतलं, आणि फाटक लावून अंगणात बसलो. आधी 'म'. का कोण जाणे, शेवटून सुरुवात केली. ऑइलपेंट लगेच निघत नाही, आधी फुगतं, मग चिकट होतं, मग पांढरं फराट सगळीकडं पसरतं. कापसाचे बोळे संपले तेव्हा बनियन घेतलं. तासाभरात अक्षरं गेली. रागानं, घाईनं, कुणी बघेल म्हणून मान वळवत वळवत मी ते केलं. माझ्याच अंगणात, माझ्याच गाडीवर.

पाणी मारून पुसलं आणि उन्हात मागं सरकून बघितलं तर — जय भीम.

दोन उन्हाळ्यांत आजूबाजूचा निळा फिका पडला होता. अक्षरांच्या खालचा पडला नव्हता, आबांच्या रंगानं तो झाकून ठेवला होता. पांढरी अक्षरं गेली होती आणि त्यांच्या जागी तीच अक्षरं गडद निळ्यात उभी होती, सुतात. आधी लांबून वाचता यायची, आता जवळून यायची, एवढाच फरक. मला काय वाटलं? शरम वाटली म्हणायला हवं. खरं सांगू, मला भयंकर चीड आली. मी आत गेलो, पाण्याचा कागद आणला आणि घासायला बसलो.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. क्लिअर गेलं, रंग गेला, फवारे, चिलटं, ओघळ. संध्याकाळी सुजाता आली, तिला म्हणालो, उन्हानं पापुद्रे निघत होते, म्हणून सगळंच साफ केलं. ती म्हणाली, मग नीट करून घ्या आणि आबांकडून परत लिहून घ्या. किती सोपं होतं तिच्यासाठी.

आठ दिवसांनी आबा आले. औंढ्याला एसटी बदलून, हातात घरच्या वांग्यांची पिशवी. दवाखान्यात न येता आधी गाडीच्या मागं गेले. मी काचेतून बघत होतो. खूप वेळ ते वाकून उभे राहिले. मग आत आले. मी तोंड उघडलं, उन्हानं म्हणून, तर त्यांनी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "हे उन्हाचं काम न्हाई," म्हणाले. "ऊन काय अक्षरं निवडून खाते का? हे पुसलेलं हाय. कोन पुसलं?"

इथं मला बोलता आलं असतं. ओरडले असते. कदाचित कानाखाली वाजवली असती, आणि पेशंट तर तेव्हा नव्हतेच, बघणार कोण होतं? मी काय म्हणालो ते शब्दाशब्दानं सांगतो. "माहीत नाही आबा. इथं समोरच लावलेली होती. कुणीतरी पुसलं."

कुणीतरी. तुम्ही लक्षात घ्या मी काय केलं. मी माझ्या बापाला एक शत्रू करून दिला.

आबा चिडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. खाली बसले. पाणी प्याले. आणि मग ज्या माणसाच्या तोंडून मी असलं कधी ऐकलं नव्हतं तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "पोलिसात नको जाऊस. तुझा दवाखाना नवा हाय. लेकरांना इकडं आनत नको जाऊ." आबा घाबरले होते. बागायतदाराच्या माणसांपुढं चाकावर बसून भाकरी खाणारा माणूस माझ्या एका वाक्यानं घाबरला.

सुजाताला त्यांनी सांगितलं. तिला वाटलं, ती भिऊ नये म्हणून मी तिला उन्हाची थाप मारली होती. चार दिवस ती माझ्याशी फार मायेनं वागली. एका खोट्यावर दुसरं खोटं बसलं आणि वर माझाच मोठेपणा झाला!

पुढच्या सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला आलो तर आबा पायरीवर. म्हणाले, "तू आत दात बघून राहतोस. भाईर कोन काय करून राहिलं, तुला काय दिसते? मी हाय इथं." मी म्हणालो, काही गरज नाही. म्हणाले, घरी तरी काय काम आहे. झालं. तेव्हापासून आठवड्यातले चार-पाच दिवस आबा सिद्धेश्वरहून येतात, दवाखान्याबाहेर प्लास्टिकची खुर्ची टाकून गाडीकडं तोंड करून बसतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. उन्हाळ्यात टोपीखाली ओला रुमाल. पावसाळ्यात छत्री. चार वर्षं. जो माणूस पकडायला ते बाहेर बसतात तो आत पंख्याखाली दात कोरत असतो.

येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं ते निरखून बघतात. महिन्याभरात त्यांचं मत गंगाधररावांवर बसलं. का? तर त्यांचं दुकान सगळ्यात जवळ आणि त्यांच्याकडं थिनर असतं, फवारणीचे पंप साफ करायला. बस, एवढा पुरावा. गंगाधरराव रोज त्यांना चहा पाठवायचे, आबा तो परत पाठवायला लागले. रामराम केला तरी दुसरीकडं बघायला लागले. एके दिवशी गंगाधरराव माझ्याकडं आले, दाराशीच उभे राहिले. "डॉक्टर, आबा काहून बोलंना झाले माझ्यासंग? माझं काई चुकलं का?" साठीला आलेला माणूस, चेहरा उतरलेला. मी म्हणालो, उन्हानं त्यांची चिडचिड होते, मनावर घेऊ नका.

परत उन्हानं. ऊन नसतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. इतका वेळ मी तुम्हाला हसवत बसलो, चिलटं काय नि दिवा काय. ते सगळं घडलं, पण ते पहिल्या सहा महिन्यांतलं. त्यानंतर मला जमायला लागलं होतं.

पण त्याआधीच आबा धीर धरून, दोन-तीन महिने जाऊ देऊन, म्हणाले होते, "तुझं रंगाचं झालं की सांग. मी परत लिव्हतो. आता कोनी पुसून तर दाखवा." डबीही आणून ठेवली होती, पांढऱ्या रंगाची, दवाखान्याच्या कपाटात. भीती वाटत असूनही ते परत लिहिणार होते. मी? मी म्हणालो, हो आबा, जरा नीट होऊ द्या, कच्च्या क्लिअरवर लिहिलं तर उठून येईल.

आणि मी ते नीट होऊ दिलं नाही. थर पातळ मारायचे, दोन थरांच्या मध्ये थांबायचं, सकाळी वारा पडलेला असताना फवारायचं, जमीन आधी भिजवून घ्यायची म्हणजे धूळ उठत नाही, हे सगळं मी शिकलो होतो. जुन्या रंगाला जुळेल असा निळा मी स्वतः मिसळून केला होता. तीन वेळा तरी ती जागा अशी झाली की हात फिरवला तर कड लागत नव्हती. तिन्ही वेळा मी दुसऱ्या रविवारी कागद घेऊन बसलो आणि ती परत खरवडली. आबा बघायला आले की दाखवायचं, बघा, इथं फुगा आलाय. फुगा मीच आणलेला असायचा. गॅरेजला का नाही टाकली, विचारत होता ना? गॅरेजवाल्यानं ती एका दिवसात करून दिली असती, म्हणून.

जयंतीच्या दिवशी मी त्या जागेवर कागदी निळा झेंडा चिकटवायचो. मिरवणुकीत गाडी पुढं असायची, आबा पुढच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा काढून जपून घडी करून ठेवायचो. जपून! स्वतःच्या त्या जपण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

दरम्यान दवाखाना चालायला लागला. सगळ्यांचे दात सारखेच किडतात, सगळी माणसं आली. कुणी डिक्की बघून आलं नाही, कुणी बघून परत गेलं असेल तर मला ते कळलं नाही. ज्या भीतीपायी हे केलं ती तर कधीच संपली होती. मग निदान तेव्हा तरी थांबायचं होतं ना? तोवर आबांनी परत लिहू नये म्हणून दुरुस्ती चालू ठेवायची मला सवय लागली होती. आणि खरं तर असं झालं होतं की, ती अक्षरं परत आली असती तर रोज दवाखाना उघडताना मला ती वाचावी लागली असती.

गेल्या हिवाळ्यात आबांनी बँकेतून परत आलेला एक कागद मला दाखवला. हयातीचा दाखला. सही जुळत नाही म्हणून परत केला होता. मी म्हणालो, परत करा सही, माझ्यासमोर. त्यांनी पेन धरलं. पेनाचं टोक कागदाला टेकायच्या आधीच थरथरत होतं. उजवा हात, अंगठा आणि पहिली दोन बोटं. डावा हात त्यांनी मनगटावर दाबून धरला, तरी सही पाण्यावर लिहिल्यासारखी आली. चहाचा ग्लास ते दोन्ही हातांनी का धरायला लागले होते ते मला तेव्हा उमगलं. मी डॉक्टर. त्यांच्यापासून दहा फुटांवर बसणारा.

मी त्यांना नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या चालू केल्या, सगळं वेळच्या वेळी केलं. त्याचं काही नाही, ते कुणीही करेल. पण तो हात थरथरताना पाहिला त्या क्षणी, पहिल्यांदा, सगळ्यात आधी, मला काय वाटलं? हायसं वाटलं. आता हे लिहू शकणार नाहीत. माझी सुटका झाली. हे मला वाटलं, स्पष्ट, शब्दांत, माझ्याच आवाजात.

त्यानंतरच्या रविवारी मी अंगण भिजवलं, पट्ट्या लावल्या, माझा मिसळलेला निळा तीन पातळ थरांत मारला, वर क्लिअर मारलं. एक चिलट बसलं नाही. एक ओघळ आला नाही. पुढच्या रविवारी घासून चमक आणली. चार वर्षं रखडवलेलं काम दोन रविवारांत झालं आणि त्या वेळी मी ते खरवडलं नाही.

सोमवारी आबा आले. मी बाहेर उभा होतो. ते गाडीच्या मागं गेले, वाकले, आणि त्या थरथरत्या हाताचं बोट त्यांनी पत्र्यावरून फिरवलं, डावीकडून उजवीकडं, सावकाश, जिथून 'ज' सुरू होत होता तिथपासून 'म' संपत होता तिथपर्यंत. कुठंच कड लागली नाही. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी ठरवत बसणार नाही, पूर्वी एकदा एकाच्या बघण्यावरून ठरवलं होतं तेवढं पुरे. कपाटातल्या डबीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"बराबर झालं," आबा म्हणाले. "आता कोनालाच कळत न्हाई, इथं काय व्हतं ते."

मग त्यांनी भिंतीला टेकवलेली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून आणली, रोजच्या जागी ठेवली, आणि गाडीकडं तोंड करून बसले. आत पेशंट थांबला होता. मी आत गेलो.